डबा जप्तीत नव्हता

माझ्या बायकोची वाद घालण्याची कला मंगळवारी सकाळी जप्त झाली.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी शालनला शिष्यवृत्तीचा एक हप्ता दोनदा मिळाला होता. चूक कार्यालयाची. जास्तीचे पैसे तिने वादविवाद स्पर्धांना जायच्या एसटी भाड्यावर आणि एका बऱ्यापैकी साडीवर खर्च केले. साडी केव्हाच फाटली, वाद टिकला. आता आम्हाला नातवंडं झाल्यावर कार्यालयाला ती चूक सापडली आणि प्रकरण वसुली एजन्सीकडे गेलं. नियम सरळ आहे: पैसा ज्यात गेला, ते उचलायचं.

"किती होतात ते सांगा, आत्ता देतो," मी वसुलीला आलेल्या ठोंबरेंना म्हणालो.

"रोख घ्यायचा अधिकार आम्हाला नाही, काका." ठोंबरे चपला बाहेर काढून आत आले होते. माणूस सभ्य होता, याचाच मला जास्त संताप आला. "काकू, घट्ट झाकणाचा एखादा डबा आहे का? ऑफिसचे संपलेत."

शालनने शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा धुऊन, पुसून दिला. ठोंबरेंनी तो तिच्या तोंडासमोर धरला.

"बोला."

"हे बघा ठोंबरे, चूक ज्याने केली त्यानेच…" शालन म्हणाली, आणि त्यांनी झाकण लावलं.

दुपारी मी म्हणालो, "वांग्याच्या भाजीत गूळ नको."

"बरं," ती म्हणाली.

या गुळावरून आम्ही लग्नापासून भांडत आलोय. मी जिंकलो होतो आणि भाजी घशाखाली उतरत नव्हती.

संध्याकाळी पेपरसाठी लिहिलेला नगरपालिकेवरचा लेख तिला वाचून दाखवला. उभ्या नोकरीत मी एकाही मंत्र्याला भ्यायलो नाही, पण शालनसमोर लेख वाचण्याआधी चष्मा दोनदा पुसतो. ती म्हणाली, "छान आहे." माझ्या लेखाला या घरात आजवर कुणी छान म्हटलेलं नाही. तो पाठवायचं माझं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एजन्सीत गेलो. तिथल्या प्रमुख माहुरकर मॅडमपुढे टेबलावर मूठ आपटली. कायद्याची मुदत काढली, नैसर्गिक न्याय काढला, पहिल्या पानावर छापीन म्हणालो.

"छापा की," मॅडम म्हणाल्या. "चहा घेणार?"

घेतला. माझ्या बोलण्यात दम नव्हता, हे मलाही कळत होतं. मुद्दे आधी शालनकडून झोडपून घ्यायची मला सवय. कोरे मुद्दे घेऊन मी कधी घराबाहेर पडलोच नव्हतो.

उठताना आठवलं, मी घरून निघताना शालन म्हणाली होती: जमलं तर डबा तेवढा आणा.

"निदान डबा तरी द्या," मी म्हणालो. "तो जप्तीत नव्हता."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "ठोंबरे, डबा यांच्या घरचा आहे?"

"हो मॅडम."

"मग द्यायलाच हवा."

ठोंबरेंनी कपाटातून डबा काढला आणि रिकामा करायला झाकणाला हात घातला. मॅडम कडाडल्या, "अहो, रिकामा देताय? दुसऱ्याच्या घरचा डबा कुणी रिकामा परत करतं का? आईने काही शिकवलं की नाही?"

ठोंबरे ओशाळले. सगळं ऑफिस शोधाशोध करू लागलं. साखरेला मुंग्या लागल्या होत्या. शिपायाचा चिवडा संपला होता.

"मॅडम, घालायला दुसरं काहीच नाही."

"मग आहे तेच राहू दे," मॅडम म्हणाल्या आणि संकोचून माझ्याकडे वळल्या. "फार काही नाही हो. गोड मानून घ्या."

रिक्षात डबा मी दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसलो.

शालन स्वयंपाकघरात होती. तिने हात पुसले, झाकण उघडलं.

"…ती निस्तरायला हवी!" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तो कालचा लेख आणा इकडे. छान कसला? तिसऱ्या परिच्छेदात नुसते ओरडताय तुम्ही."

"ओरडत नाहीये. मुद्दा मांडतोय."

"कुठंय मुद्दा? दाखवा ना. मी बघतेय."

मी चष्मा शोधून तिच्या शेजारी स्टूल ओढलं. बोलता बोलता तिने वांग्याच्या भाजीत गुळाचा खडा टाकला.

मी हरकत घेतली.