मुद्दाम बंद

बायको जाऊन चार महिने झाले होते. एका मंगळवारी तिचा माऊसही गेला, हे लिफ्टवाल्यांना कळलं. त्याच्यावर चहा त्यांनीच सांडला होता. दोन दिवस पंख्याखाली वाळवूनही माऊस काही हलेना.

लिफ्टवाले म्हणजे चौतीस वर्षं लिफ्टदुरुस्ती केलेला माणूस. रोज सकाळी ते बायकोचा लॅपटॉप उघडत, पडद्यावर बाण जरासा फिरवत आणि बंद करत. क्लिक कशावरच नाही. पडद्यावर तिने फाइली स्वतःच्या पद्धतीने मांडल्या होत्या, डावीकडे चालू कामं, उजवीकडे झालेली. मुलीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, आईने ठेवलंय तसंच राहू दे हं. रविवारी येतेय, मला तसंच बघायचंय."

माऊस नाही म्हणून त्यांनी कळांखालच्या टचपॅडवर बोट फिरवलं. बाण जागचा हलला नाही. तेव्हाच नवा माऊस आणला असता तर प्रश्न मिटला असता. पण ते शेजारच्या अपडेटरावांकडे गेले.

अपडेटराव निवृत्त होते आणि मजल्यावरच्या प्रत्येकाचं काही ना काही अपडेट करून देत. येताना स्वतःचा माऊस चष्म्याच्या डबीत घालून आणत, जाताना आठवणीने परत नेत.

"टचपॅड ठणठणीत आहे हो. ड्रायव्हर जुना झालाय," ते म्हणाले.

"ड्रायव्हर?"

"टचपॅड आणि सिस्टीमच्या मधला दुभाष्या. नवी सिस्टीम टाकू, तिचा दुभाष्याही नवा असतो."

"पण आतलं सगळं..."

"पेनड्राइव्हवर घेतो की! एक फाइल हरवली तर नाव बदलेन."

लिफ्टवाल्यांना नको म्हणायचं होतं. पण काम चालू असताना मेकॅनिकच्या मध्ये बोलायचं नसतं, हे त्यांनीच चौतीस वर्षं लोकांना सुनावलं होतं. त्यांनी लॅपटॉप पुढे सरकवला.

बुधवारी नवी सिस्टीम आली. पडद्यावर कुठलेसे डोंगर दिसले. बाण हलला नाही.

"आता ड्रायव्हर जास्तच नवा पडतोय," अपडेटराव म्हणाले.

गुरुवारी तिसरी सिस्टीम आली, फुकट मिळणारी. डोंगर गेले, जांभळा रंग आला.

"हिच्यात सगळे ड्रायव्हर आतच असतात."

"मग हलत का नाही?"

"सगळे असतात. आपला सोडून, असं दिसतंय."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, लॅपटॉप आहे ना तसाच?"

"आहे की," लिफ्टवाले जांभळ्या पडद्याकडे बघत म्हणाले. अपडेटरावांनी उगाच चष्मा पुसायला घेतला.

शुक्रवारी दोघं दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, लॅपटॉप मिटला आणि उलटा केला. खाली लाल टॅग चिकटवलेला होता.

लिफ्टवाल्यांनी तो लांबूनच ओळखला. असे टॅग त्यांनी हजारोंनी वापरले होते. दुरुस्तीसाठी लिफ्ट बंद केली की स्विचला लावायचे. घरात अजून अर्धा गठ्ठा पडून होता.

बाईंनी मोठ्याने वाचलं, "मुद्दाम बंद ठेवले आहे. विचारल्याशिवाय चालू करू नये. कारण: मी टाइप करत असले की ह्यांचं बोट मध्ये येतं. चालू करायला डावीकडची निळी कळ दाबून वरची सातवी." मग त्यांनी वर पाहिलं. "हे म्हणजे कोण?"

अपडेटरावांनी लिफ्टवाल्यांकडे बोट दाखवलं. बाईंनी लॅपटॉप उघडून दोन कळा दाबल्या. बाण सुळकन पळाला.

"आणि तुम्ही दोन सिस्टीमा बदलल्यात? अहो काका, ही कळ मशीनची आहे. सिस्टीम कुठलीही टाका, बंद म्हणजे बंदच."

"खाली कोण बघतं हो!" अपडेटराव म्हणाले.

लिफ्टवाले बघत असत. आधी टॅग वाचायचा, मग पान्याला हात लावायचा, हे ते हाताखालच्या माणसांकडून रोज वदवून घेत. टॅग न वाचल्याबद्दल त्यांनी एका भल्या माणसाला आठवडाभर घरी बसवलं होतं. बायकोने त्याची बाजू घेतली होती, तर तिच्यावरही आवाज चढवला होता.

"चालूच ठेवू ना?" बाईंनी विचारलं.

टॅगच्या तळाशी बायकोची सही होती. ज्याची सही त्यानेच टॅग काढायचा, हाही त्यांचाच नियम.

"नको. बंद करा," लिफ्टवाले म्हणाले. "आणि एक माऊस द्या."

अपडेटरावांनी शनिवारी जुनी सिस्टीम परत टाकून दिली. लाजून त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. फाइली पेनड्राइव्हवर आहेत, एकूण दोनशे अकरा, एकही हरवलेली नाही. कुठली डावीकडे होती आणि कुठली उजवीकडे, हे लिफ्टवाल्यांना आठवत नाही. पडदा मोकळा आहे.

मुलगी उद्या येते. तिला अजून सांगितलेलं नाही.