उंदरांना गुण आला

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही किरटं आहे. चौथीपर्यंतच शिकले मी, सांभाळून घ्या.

सदाशिव पेठेत मोकाशी अप्पांकडे मी त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, सांभाळायला जाते. या घरात उंदीर मारायला बंदी आहे. एकदा मी पिंजरा लावला, उंदीर सापडलाही. अप्पांनी पिंजरा पिशवीत घातला आणि त्याला नदीकाठी सोडून आले. शेजारच्या जोशीबाई चिडल्या, "अहो अप्पा, तुमचे उंदीर आमच्याकडे येतात!"

"ओळख ठेवतात म्हणून येतात. तुम्ही कधी आलात?"

उंदीर न मारण्याचं कारण काकूंचं दुखणं. त्या सगळं विसरत चालल्यात. मेंदूत नको ती प्रथिनं साचतात, असं अप्पांनी मला समजावलं. उंदरांमध्ये तसाच आजार तयार करून त्यांच्यावर औषधं करून बघतात म्हणे. पेपरात तशी बातमी आली की अप्पा स्वतः शिरा करतात. "मंदाबाई, उंदरांना गुण आला! आता माणसांचा नंबर." शिरा पुष्कळदा झाला. नंबर काही लागला नाही.

उंदरांची परीक्षा कशी घेतात, तेही त्यांनी वाचलं. समोर कालची एक वस्तू ठेवायची आणि एक नवी. कालची आठवत असेल तर उंदीर नवीलाच जास्त वेळ हुंगतो. अप्पांनी तीच परीक्षा काकूंना लावली. तुळशीबागेतून सारखं काहीतरी आणायचे. टेबलावर कालची पितळी गाय, शेजारी नवा लाकडी पोपट, आणि अप्पा बाजूला श्वास रोखून. काकू दोन्हींकडे सारखंच बघायच्या, नाहीतर खिडकीबाहेर.

"पेपर अवघड होता," अप्पा म्हणायचे.

घरात इतकी खेळणी झालीत की कुणालाही वाटावं, नातवंडं फार. नातवंड एकही नाही.

परवा अप्पा अशाच वस्तू मांडत होते. काकूंनी टेबलाकडे पाहिलंच नाही. त्या अप्पांकडे बघत राहिल्या. कपाळ, चष्मा, हात, पुन्हा चेहरा. किती तरी वेळ.

मला इतका आनंद झाला! "अप्पा, बघा, तुमच्याकडेच बघतायत!"

अप्पांच्या हातातली डबी हातातच राहिली.

"नव्या वस्तूकडे जास्त वेळ बघतात, मंदाबाई."

मग त्यांनी टेबल आवरलं. आत जाऊन दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मला पोहे करायला सांगितले आणि मुलगी बघायला आल्यासारखे काकूंसमोर खुर्चीच्या कडेवर बसले.

"नमस्कार. मी मोकाशी. आपलं नाव?"

काकूंनी पदर सावरला. खाली बघत म्हणाल्या, "सुमती आगाशे."

आगाशे त्यांचं माहेर.

"छान नाव आहे," अप्पा म्हणाले, आणि पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.