ओडिलॉनच्या बाटलीतला गाळ

वानेसने फ्रिज उघडला आणि आतल्या वस्तू भराभर बाजूला सारल्या. मागच्या कोपऱ्यात उभी ठेवलेली बाटली गायब होती.

ती साधी बाटली नव्हती. शेजारच्या गोडेलीव्हकाकूंच्या नवऱ्याने, ओडिलॉनने, परसातल्या छोट्याशा कारखान्यात केलेल्या बिअरची ती शेवटची बाटली. ओडिलॉन गेला आणि कारखानाही बंद पडला. वानेसला घरी बिअर करायचा नाद. काकूंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तीच बिअर परत करून पाजतो, असा शब्द त्याने दिला होता. बाटलीच्या तळाला बसलेल्या गाळात बिअर आंबवणारं यीस्ट जिवंत असतं. ते जागं केलं, की झालं. म्हणून तर गाळ नीट बसावा यासाठी बाटली उभी ठेवली होती, वर चिठ्ठी लावून.

तेवढ्यात बायकोचा भाऊ फिर्मिन तोंड पुसत परसातून आला. गळका नळ दुरुस्त करायला त्याला बोलावलं होतं.

"फिर्मिन, इथली बाटली?"

"प्यालो की! झकास होती, दाजी."

"अरे, चिठ्ठी होती ना वर? 'वानेसशिवाय कोणीही हात लावू नये'!"

"म्हणून तर कळलं, चांगली असणार."

"आणि गाळ? तळाचा गाळ?"

"तो शेवटी वेगळ्या ग्लासात घेतला. पोटाला चांगला असतो, आई नाही का सांगायची?"

वानेस मटकन खुर्चीवर बसला. मग एकदम उठला. "बाटली कुठंय? तळाला चिकटलेलं थोडंफार असेल!"

बाटली रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटमध्ये गेली होती आणि क्रेट घेऊन रोझमी, म्हणजे वानेसची बायको, दुकानात परत करायला गेली होती. दोघे फिर्मिनच्या गाडीतून सुटले. रोझमी त्यांना दुकानाच्या दारातच भेटली, चांगलीच तापलेली.

"तुझ्या एका बाटलीपायी चारचौघांत शोभा झाली माझी! रिकाम्या बाटल्या घेऊन पैसे देणारं ते मशीन ती घेईच ना. आत ढकलली की बाहेर, ढकलली की बाहेर. मागे रांग ही एवढी!"

"का घेत नव्हतं?"

"तो कारखानाच आता नाही म्हणे. कोणाच्या नावावर घेणार?"

"देवा, तुझे उपकार!" म्हणत वानेसने त्या मशीनचा भर दुकानात मुका घेतला. रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकली.

रोझमीने मशीनशेजारच्या कोपऱ्यात ठेवून दिलेली बाटली सापडली. तळाला करड्या रंगाचा पुसटसा डाग होता, बस. वानेसने माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचं, पाणी उकळून गार केलं, बाटलीत ओतून खळखळवलं आणि बरणीत काढून ठेवलं. मग वाट पाहणं. काही होईना. फिर्मिन ओशाळून रोज चक्कर मारायचा, बरणीपाशी बसायचा. एकदा तर स्वतःचा लोकरी मफलर तिला गुंडाळून गेला.

"आजारी माणसालासुद्धा इतकं कोणी बघत नाही," रोझमी म्हणाली. पण ऊब मिळावी म्हणून बरणी आपल्या कपड्यांच्या कपाटात, आतून जाणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपाशेजारी, तिनेच ठेवली.

रविवारी सकाळी कपाटातून 'फट्' असा आवाज आला. झाकण उडालं होतं आणि रोझमीच्या चर्चमध्ये गायला जायच्या झग्यावरून फेस ओघळत होता.

"वानेस! माझा झगा!"

"जिवंत आहे!" वानेस नाचायलाच लागला. "रोझमी, जिवंत आहे!"

तिने फेसाचा वास घेतला. लवंगेसारखा, पिकल्या केळ्यासारखा. मग तीही हसली आणि जुना झगा घालून गायला गेली.

त्या यीस्टवर वानेसने नवी बिअर केली. वाढदिवसाला काकूंच्या अंगणात टेबल मांडलं होतं. वानेसने पहिला ग्लास भरला. काकूंनी घोट घेतला. डोळे मिटले.

"ही ओडिलॉनची नाही," त्या म्हणाल्या.

वानेसचा चेहरा पडला. फिर्मिनला राहवेना. "काकू, चूक माझी. शेवटची बाटली मी गाळासकट पिऊन टाकली. फार आवडली हो."

"अरे, ऐका तर. त्याची आंबट व्हायची. कायम. गावात कोणी तोंडावर बोललं नाही. मीसुद्धा नाही, संसार करायचा होता." त्यांनी ग्लास पुन्हा नाकापाशी नेला आणि बराच वेळ तिथेच धरला. "वास मात्र त्याचाच. संध्याकाळी तो घरात यायचा ना, तेव्हा त्याच्या कोटाला असायचा, तोच वास. मला वाटलं होतं, आता परत नाही यायचा."

त्यांनी वानेसचा हात घट्ट धरला. दुसरा हात फिर्मिनकडे केला. "तू प्यालास ते बरंच केलंस, बाबा. आवडली म्हणालास ना? त्याला किती बरं वाटलं असतं." फिर्मिन नाक शिंकरायला आत गेला.

"पुढच्या वेळी बिअर करशील तेव्हा मी येते भांड्यापाशी," काकू म्हणाल्या. "ओडिलॉनने कधी जवळ येऊ दिलं नाही."

"या की, काकू. तुमचंच आहे ते."

पुढच्या शनिवारी त्या खरंच आल्या, कमरेला ॲप्रन बांधून. लांब दांड्याचा डाव त्यांनी वानेसच्या हातातून काढून घेतला, त्याला स्टुलावर बसवलं आणि दिवसभर भांड्याच्या जवळ फिरकू दिलं नाही.