मॅडमचं ‘या’

हर्णैच्या युसुफला वाटायचं, जगातली कुठलीही भाषा आपल्याला तीन दिवसांत येते. आखातात आल्यावर अरबी तो देऱ्याच्या बाजारात शिकला, मल्याळम चहाच्या दुकानात. त्यामुळे रास अल खोरच्या गोदामात स्पेनहून दगडी कारंजं आलं आणि ते जोडायला बेगोन्या नावाच्या मॅडम आल्या, तेव्हा त्याने मॅनेजर नीलेशला सांगून टाकलं, मॅडमचं मी बघतो, तुम्ही बिनघोर राहा.

तीन दिवस तो मॅडमच्या मागेमागे हिंडला आणि त्यांचे फोन ऐकले. दर दोन शब्दांमागे ‘या’. ट्रक पोचला की ‘या’, पलीकडचा माणूस लांबड लावू लागला की ‘या, या, या’. एकदा फोनवर ‘या बॉय’ म्हणून त्या लगबगीने गेटकडे गेल्या आणि युसुफची खात्रीच पटली. हा तर आपलाच शब्द!

त्याने लगेच फोर्कलिफ्टवाल्या महादूला गाठलं. महादू सांगोल्याकडचा. पुढच्या आठवड्यात पोरीच्या साखरपुड्याला त्याला गावी जायचं होतं, तिकीट काढून ठेवलेलं.

“मॅडम ‘या’ म्हणाल्या की पुढे यायचं,” युसुफने समजावलं. “बिनधास्त.”

सकाळी कारंज्याचं मोठं दगडी ताट उचललं. ते एवढं रुंद, की महादूला पुढचं काही दिसेना. ताटाच्या पलीकडून मॅडम रस्ता सांगत होत्या आणि महादू गोगलगायीसारखा सरकत होता. भिंत चार-पाच हातांवर आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, “या.”

महादू पुढे आला.

“या, या!”

महादूने वेग वाढवला. इतक्या आग्रहाने बोलावतायत, उशीर बरा नव्हे. मॅडम किंचाळायला लागल्या तसा तो सुसाटच निघाला आणि ताट धाडकन भिंतीवर आदळलं. कडेचा भाकरीएवढा टवका खाली पडला.

मॅडमनी तो उचलला, उसासा टाकला आणि म्हणाल्या, “या एस्ता.”

“बोलावतायत,” युसुफ कुजबुजला. दोघं जाऊन त्यांच्यासमोर अदबीने उभे राहिले. मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

आवाज ऐकून नीलेश आला. टवका बघून त्याने जाहीर केलं, चौकशी होईपर्यंत महादूची रजा बंद. महादूचा चेहरा उतरला.

“साहेब, पाच वर्षं झाली इथं,” तो म्हणाला. “सगळे ‘यल्ला, चल आटप’ म्हणतात. पहिल्यांदा कुणीतरी मला ‘या’ म्हणालं. मग मी थांबू कसा?”

आजवर कुठल्याही भाषेत युसुफने स्वतःची चूक कबूल केली नव्हती, पण आता तो पुढे झाला. “सर, त्याची चूक नाही. तो शब्द मी शिकवला.” मग मोडक्या इंग्रजीत त्याने मॅडमना मराठी ‘या’चा अर्थ सांगितला.

मॅडम खोक्यावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी बोटांवर मोजत समजावलं. त्यांच्याकडे ‘या’ म्हणजे आत्ता. ‘या’ म्हणजे कळलं, आलोच, झालं, पुरे. रडणाऱ्या पोराची समजूत काढायची तीही ‘या, या’ म्हणून. आणि गाडीवाल्याला सांगायचं असेल तर ‘या’ म्हणजे थांब. ‘या एस्ता’ म्हणजे खलास.

“एवढ्या सगळ्याला एकच शब्द?” युसुफने विचारलं. त्याला त्या भाषेची थोडी कीवच आली.

हॉटेलात कारंजं भिंतीलगत बसणार होतं. टवक्याची बाजू भिंतीकडे करू, कुणाला दिसणार नाही, असं मॅडमनीच नीलेशला पटवलं. महादूची रजा वाचली. युसुफने मात्र यापुढे गोदामात कुणालाही कसलीही भाषा शिकवायची नाही, असा हुकूम निघाला.

दुसऱ्या दिवशी कारंज्याचा खांब न्यायचा होता. आदल्या दिवशीचं मनावर घेऊन मॅडमनी हसत, अगदी मराठी अदबीने हाक मारली, “महादू, या.”

महादूने करकचून ब्रेक दाबला.

“या, या,” मॅडम आणखी मायेने म्हणाल्या.

महादूने इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि खाली उतरून हात बांधून उभा राहिला. मॅडम हसतायत, महादू हसतोय, आणि खांब मधोमध लटकतोय. नीलेश केबिनमधून बाहेर आला. त्याने खांबाकडे पाहिलं, मग युसुफकडे.

युसुफने शर्टाची कॉलर सारखी केली.

“बघा सर,” तो म्हणाला, “दोघंही आता पक्के शिकले.”