शेवटच्या भागाची फाइल

बहिणीच्या सासूला बघायला बायको दवाखान्यात निघाली, तेव्हा मालिकेचा भाग डिस्कवरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं काम कारकुनाने आपण होऊन अंगावर घेतलं. (त्याला कुणी आग्रह केला नव्हता, हे नमूद केलेलं बरं.)

गावात इंटरनेट नावालाच. एक फोटो उघडेपर्यंत माणसाची दाढी वाढायची. पण डिस्कमावशी होती तोवर गाव कशालाही मुकत नव्हतं. ती दारोदार बटणं-दोरे विकायची आणि बटणांच्या डब्यात तळाशी हार्डडिस्क असायची. सिनेमे, मालिका, मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ, सगळं तिच्यात. वरून सक्त मनाई होती, पण मनाई करणाऱ्यांच्या बायकाही भरपूर बटणं घ्यायच्या. ना ऑफिस, ना शिपाई, तरी मावशीने कुणाच्या घरची फेरी कधी चुकवली नाही. कारकुनाला तिचं मनापासून कौतुक होतं. एवढी शिस्त त्याच्या साहेबांनाही जमली नव्हती.

"अहो, आज शेवटचा भाग आहे. वर्षभर जीव टांगणीला लागलाय माझा. नीट उतरवा," बायकोने बजावलं.

"अगं, दिवसभर फाइलीच हलवतो मी!"

तेच नडलं. त्याच्या ऑफिसात फाइल एका टेबलावरून उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवायची पद्धत. नक्कल काढायची तर साहेबांची सही लागते. त्याने डिस्कवरचा भाग रीतसर 'कट' केला, घरच्या कॉम्प्युटरवर ठेवला आणि डिस्क मावशीच्या हवाली केली.

संध्याकाळी मावशी धापा टाकत परत आली. "दादा, शिंप्याकडे अख्खी गल्ली जमलीय आणि शेवटचा भागच गायब! इतक्या वर्षांचं नाव जाईल हो माझं!"

कारकुनाने घाईघाईने डिस्क जोडली आणि भाग जागच्या जागी नेऊन ठेवला. मावशीने तपासून पाहिलं, तोंडभर आशीर्वाद दिला आणि पळाली. एवढ्या कर्तबगार बाईची अब्रू आपण वाचवली, म्हणून त्याची छाती फुगली.

तेवढ्यात बायको आली. हातपाय धुऊन थेट कॉम्प्युटरसमोर बसली.

"कुठे ठेवलाय?"

"मावशीला परत दिला."

"दिलात, पण आपल्याकडे?"

"एक फाइल दोन टेबलांवर कशी असेल?"

बायकोने चपला घातल्या आणि शिंप्याचं घर गाठलं. मागोमाग हाही.

"या वहिनी, आत्ताच लावतोय," मावशीने तिला पुढे जागा करून दिली. मग कारकुनाला उंबऱ्यावरच अडवलं.

"दादा, तुम्ही खिडकीतून बघा. आत आलात तर भाग घेऊन जाल."