मागल्याचं पाणी

कुरुळीचे बबनतात्या डोंगरावर पळायला कंपनीचे सेफ्टी शूज घालून येतात. पुढे लोखंडी टोपी असलेले, एकेक उचलला तरी हाताला रग लागेल असले. बाकीचे आम्ही दगडधोंड्यांत पळण्यासाठी म्हणून खास घेतलेले हलके, रंगीत बूट घालून घसरत असतो आणि मागून तात्या ठक ठक करत येत असतात. "रिटायर हुताना कंपनीनं दिल्यात, संपल्याबिगर दुसरं घ्यायचं न्हाई," असं त्यांचं म्हणणं. बूट काही संपत नाहीत. त्यांच्या आधी डोंगरच झिजेल अशी चिन्हं आहेत.

मी मूळची लातूरकडची. नवऱ्याची चाकणची शिफ्ट आणि माझी पिंपरीची अकाउंट्सची नोकरी, दोन्हींना मधलं पडतं म्हणून आम्ही कुरुळीत फ्लॅट घेतला. तात्यांचं जुनं घर आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून आहे. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून चालायला सांगितलं, तेव्हा मी इमारतीभोवतीच फेऱ्या मारू लागले. एक दिवस तात्या भिंतीवरून डोकावून म्हणाले, "म्याडम, घाण्याच्या बैलासारखं फिरून काय घावणार? रविवारी डोंगराला या." साखरेचं माहीत नाही, पण त्या दिवसापासून माझ्या रविवारची झोप गेली ती गेलीच.

डोंगर म्हणजे चाकणच्या पलीकडचा भामचंद्र. वर कातळात कोरलेली लेणी आहेत, आत महादेव आहे, बाहेर पाण्याचं टाकं आहे. खाली कंपन्यांची निळी-पांढरी छपरं. पहाटेच्या धुक्यात ती छपरं बुडून जातात आणि नुसती घरघर ऐकू येते. थोडं वर गेलं की तीही विरते. मग आपला श्वास, ओलं गवत आणि पावसाळा सरताना डोंगरभर पसरलेली पिवळी सोनकी. त्या धुक्यातून पळताना आपलं नाव, नोकरी, वय सगळं खाली कुठेतरी ठेवून आल्यासारखं वाटतं. परत उतरलं की सगळं जागेवर सापडतं, त्यातही आधी आठवतात ते इस्त्रीला टाकायचे कपडे.

वाट तात्यांनीच आखलेली. पायथ्याच्या मारुतीपासून निघायचं, वीरगळाला वळसा घालायचा, मोठ्या चिंचेखालून चढून पठारावरच्या वाडीत शिरायचं, वाडी ओलांडून लेणी गाठायची आणि पलीकडच्या खिंडीतून उतरून परत मारुतीपाशी यायचं. मोठमोठ्या स्पर्धा पळून आलेला आमचा निनाद पहिल्याच दिवशी म्हणाला, "तात्या, वाडीतून कशाला? सरळ धारेने गेलो तर केवढा फेरा वाचतो."

"फेरा वाचवायचा आसंल तर घरी झोप की भावा. वाट मळायला मानसं लागत्यात. दोन पावसाळं कुनी गेलं न्हाई तर वाट मोडती."

मग निनादने निदान खुणेला रंगीत रिबिनी बांधू या म्हटलं. "डोंगर हाय त्यो, लग्नघर न्हाई," म्हणून तात्यांनी तेही उडवून लावलं. आमच्या खुणा म्हणजे चिंचेपर्यंतच्या दगडांवर तात्यांनी फासलेला चुना. पावसाने धुतला की पुन्हा फासतात.

तात्या स्वतः कायम सगळ्यांच्या मागे असतात. वाट चुकलेल्याला हाकारायला शेवटी कुणीतरी हवं, असं ते सांगतात. पण तेही चिंचेपर्यंतच. चिंचेखाली ते थांबतात, "हितनं वर चुकायचं काय न्हाई, जावा आता," म्हणतात आणि ठक ठक करत आल्या वाटेने मारुतीकडे परततात. तिथे पारावर बसतात आणि एकेक जण खिंडीतून उतरला की त्याची परीक्षा घेतात.

ही परीक्षा हा तात्यांचा खरा छंद. निनाद घड्याळ दाबत, घाम टिपत पहिला पोचतो. तात्यांना त्याच्या वेळेशी काही देणंघेणं नसतं. "पळालास ते दिसलं. बघितलंस काय ते सांग." मग सुरू. वीरगळावरचा गडी घोड्यावर आहे का पायी? मारुतीचा शेंदूर ताजा का पोपडे आलेला? टाक्याच्या कितव्या पायरीला पाणी आहे? महादेवावर बेल आहे का नुसतीच फुलं? वाडीतल्या शेवटच्या घराला कडी होती का उघडं? ज्याने जास्त बघितलं त्याला गुळाचा खडा. पहिला आलेल्याला काही नाही.

निनाद हुशार मुलगा. दुसऱ्या रविवारी तो मोबाइलवर सगळ्याचे फोटो काढून आला. तात्यांनी फोटो शांतपणे बघितले आणि म्हणाले, "ह्ये फोननं बघितलं. तू काय बघितलंस?" तिसऱ्या रविवारी त्याने वाटेतलं सगळं पाठ केलं आणि पाठ करण्याच्या नादात तेरड्यात पाय अडकून पडला. आणखी एकाने टाक्याला न जाताच पायरी ठोकून दिली, तेव्हा तात्या नुसते हसले आणि गुळाचा डबा मांडीखाली सरकवला. गूळ बहुतेक वेळा मलाच मिळतो. मी सगळ्यांत हळू, त्यामुळे मला डोंगर दिसतो. डॉक्टरांनी गूळ बंद केलाय, ही गोष्ट मी तात्यांना अजून सांगितलेली नाही.

तात्यांनी सगळा जन्म कंपनीत इन्स्पेक्शनला काढला. सुट्या भागांत खोट शोधायची सवय डोंगरावरही सुटली नाही, एवढंच आम्ही समजत होतो.

वाडीतल्या त्या शेवटच्या घरात एक म्हातारी राहते. वाडीतली बाकी घरं कुलपात, पोरं खाली चाकणला. हिचं दार मात्र सताड उघडं. ओट्यावर घागर आणि पितळी पेले मांडलेले. येणाऱ्या प्रत्येकाला ती पाणी देते. मला पहिल्यांदा तिने विचारलं, "कुनाची गं तू?" लातूरकडची म्हटल्यावर तिला माझी फार कीव आली. इतक्या लांबून बाई पळत आली, असंच तिला वाटलं असावं.

शेवटची मी असायचे. माझं पाणी पिऊन झालं तरी ओट्यावर एक भरलेला पेला उरायचा, वर ताटली झाकलेला. एकदा तहान भागली नाही म्हणून मी त्याला हात घातला.

"त्यो ऱ्हाऊ दे. मागल्याचा हाय," ती म्हणाली.

"आजी, माझ्या मागे कुणी नसतं. मीच शेवटची."

"हाय की. ठक ठक ऐकू येती."

मी कान देऊन ऐकलं. खाली चिंचेच्या बाजूने, परत जाणाऱ्या लोखंडी बुटांचा आवाज खरंच येत होता. म्हातारीने मान तिकडे वळवली नाही. आवाज पार थांबेपर्यंत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, आणि मग आत गेली.

तात्यांना विचारायचं धाडस झालं नाही. मी मंदाकाकूंना विचारलं. काकू म्हणजे तात्यांच्या बायको. चहा ओतता ओतता त्यांनी मला सगळं सांगून टाकलं. ती म्हातारी तात्यांची थोरली बहीण, अक्का. आई लहानपणीच गेली, तेव्हा अक्काने ह्या भावाला सासरी नेऊन वाढवलं. वाडीतून खालच्या शाळेत तीच त्याला आणून सोडायची, त्याच वाटेने. पुढे त्यांच्या कुरुळीच्या रानात कंपनी आली. अक्का म्हणाली होती, सगळं दे, पण आईची विहीर आणि तिच्या काठचा आंबा तेवढा ठेव. तात्यांनी तिला न विचारता सगळ्यावर सही केली. आता त्या विहिरीवर कंपनीच्या ट्रकांचा तळ आहे. अक्का एवढंच म्हणाली, "माझ्या उंबऱ्याला पाय लावू नगंस." आणि हा माणूस इतकी वर्षं चिंचेच्या वर गेलेला नाही.

"मग जा की म्हनते मी," काकू म्हणाल्या. "तर म्हनत्यात, तिनं बोलावलं पायजे. ती म्हनती आसंल, त्यानं आलं पायजे. दोगं एका आईची."

त्यानंतर परीक्षेतला तो एकच प्रश्न मला ऐकू येऊ लागला. बेल, शेंदूर, पायऱ्या सगळं दिखाव्याचं. शेवटच्या घराला कडी होती का उघडं, हे विचारताना तात्या गुळाच्या डब्याचं झाकण चाचपत राहायचे. उघडं होतं म्हटलं की झाकण निघायचं. एवढी सगळी माणसं हा गृहस्थ दर रविवारी डोंगरावर पळवत होता ती बहिणीची खुशाली आणायला. मला राग यायला हवा होता. उलट त्या रात्री मी लातूरला भावाला फोन केला, आणि तो घाबरला, काय झालं म्हणून.

मग थंडीतला तो रविवार आला. धुकं इतकं की चुन्याच्या खुणा पायापाशी येईपर्यंत दिसत नव्हत्या. मी नेहमीसारखी शेवटी वाडीत पोचले. दाराला कडी होती. घागर नव्हती, पेले नव्हते. ओट्यावर एकच पेला, ताटली झाकलेला. मी दोन हाका मारल्या आणि लेण्यांकडे न जाता तशीच माघारी उतरले.

पारावर निनादची परीक्षा चालली होती. "कडी होती, तात्या. आज नक्की बघितलंय मी," तो अभिमानाने सांगत होता. तात्यांनी डबा खाली ठेवला. मी धापा टाकत म्हटलं, "घागर पण नाही. तुमचा पेला तेवढा भरून ठेवलाय."

"माझा?"

"मागल्याचा. दर रविवारी असतो. तुमचे बूट ऐकू येतात त्यांना."

तात्या उठले. आजवर मी त्यांना ठकठकताना बघितलं होतं, पळताना पहिल्यांदाच बघत होते. त्या जड बुटांत तो माणूस निनादला मागे टाकून धुक्यात शिरला. मी जमेल तशी मागे गेले. चिंचेखाली ते थांबले होते, खोडाला हात टेकून. मला वाटलं, आता वळतील. त्यांनी हात काढला आणि वर चढू लागले.

मी पोचले तेव्हा ते ओट्याच्या कडेला बसले होते, अंग चोरून, उंबऱ्यापासून हातभर लांब. पेला पुढ्यात होता. त्यांनी हात लावला नव्हता. मागच्या बाजूने अक्का आली, कोपरापर्यंत हात माखलेले. पहाटेपासून गोठ्यात होती, गाय नुकतीच व्याली होती. घराच्या मागे गोठा आहे हे गूळ पटकावणाऱ्या मला कधी दिसलंच नव्हतं.

अक्काने भावाकडे बघितलं, मग त्याच्या बुटांकडे.

"म्या उंबऱ्याला पाय लावू नगं म्हनलं हुतं," ती म्हणाली. "चिंचंपाशी थांब म्हून कोन म्हनलं हुतं?"

तात्यांनी पाय जवळ ओढून घेतले.

"पळत आलास?"

"व्हय."

"मग वाटंत बघितलंस काय?"

ते वाक्य कुणाचं होतं हे मला तेव्हा कळलं. शाळेची पाटी घेतलेल्या पोराला चालता चालता कुणी काय विचारलं असेल, तेही कळलं. तात्यांनी तोंड उघडलं. टाकं, शेंदूर, वीरगळ, डोंगराचा दगडन् दगड ज्यांना पाठ, त्यांना एकही गोष्ट सांगता येईना.

"काय न्हाई बघितलं, अक्का," ते म्हणाले, आणि रडू लागले.

अक्काने माखलेल्या हाताच्या कोपराने दाराची कडी वर सारली, दार आत ढकललं आणि म्हणाली, "पानी पी आधी. मग वासरू बघ."