नाबरांची सापसुरळी

सापसुरळीची शेपटी पेन्सिलीने मोजणारा इसम अख्ख्या मुलुंडात एकच होता, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहायचा. नाबर. रंगाच्या कारखान्यात कारकून.

सापसुरळी पालीसारखीच, पण तुळतुळीत. लोक तिला सापाची मावशी म्हणतात आणि दिसली की ठेचतात. ही एक डोंगरातल्या पाचोळ्यातून उतरून रोज सकाळी आमच्या मागच्या जोत्यावर ऊन खायला यायची. एकदा मीच खराटा हाणला. शेपटी तुटून वळवळत राहिली, मावशी पसार. नाबर माझ्याशी महिनाभर बोलला नाही. माझी काही हरकत नव्हती.

मग तिला नवी शेपटी फुटू लागली आणि याला उद्योग मिळाला. तोंडाला दाढीचा साबण तसाच, हा जोत्यापाशी उकिडवा. ती डोकं रोज एकाच खिळ्याखाली ठेवते म्हणे. शेपटी संपेल तिथे भिंतीवर बारीक रेघ आणि तारीख. पुढे रॉकेलच्या रांगेत "वाढतेय हो," असं सांगायचा, जणू आम्ही विचारलंच होतं.

दिवाळीआधी सोसायटीने सफेदी काढायची ठरवली. मी सेक्रेटरी. नाबर म्हणाला, मागची भिंत तेवढी सोडा. एका सरपटणाऱ्या किड्यापायी इमारत कळकट ठेवायची? मीटिंगमध्ये सगळे हसले. तरी रंगारी आला तेव्हा हा वेडा भिंतीला पाठ लावून उभा. हलेचना. शेवटी मी त्याच्या बायकोकडे तक्रार घेऊन गेलो. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकलं.

रंगाच्या कारखान्यातला माणूस, घर कसं चकचकीत. फक्त स्वयंपाकघराच्या दाराची चौकट जुनी, तेलकट, कधीच न रंगवलेली. तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा आणि तारखा. सगळ्यात वरची रेघ माझ्या कमरेएवढी. त्यापुढे चौकट कोरी.

नाबरबाईंनी माझी नजर पाहिली.

"आमचा बाळू," त्या म्हणाल्या. "भराभर वाढत होता."

स्वतःची लाज वाटली. खाली येऊन रंगाऱ्याला म्हटलं, ही भिंत राहू दे.

दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या रांगेत मीच विचारलं, "नाबर, आज कितपत झाली?"

तो करंगळीच्या दुसऱ्या पेरावर अंगठा टेकवून म्हणाला, "वाढतेय हो."